अस्वल का बोलले नाही?

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात वाचून दाखविलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. हळदीकुंकवाच्या वेळी आभाराचे चार शब्द बोलावे लागतात, तेवढेच. पण आपल्या चिटणीसबाई मागे लागल्या, "सहलीहून आल्यापासून तुम्ही गप्प गप्प का, ते एकदा सगळ्यांना सांगाच." तेव्हा मनात होते ते कागदावर उतरवून आणले आहे, तेच वाचते. काही जणींना माझे म्हणणे आवडणार नाही हे मला ठाऊक आहे. त्यांनी मागाहून मला बाजूला घेऊन खुशाल बोलावे. दूध आटेपर्यंत वेळ आहेच.

मे महिन्यात आपली सहल पार्कला गेली होती. त्या पार्कचे नाव घेण्याचे कारण नाही. ज्या आल्या होत्या त्यांनी तो पाहिला आहे, आणि ज्या आल्या नव्हत्या त्यांनी त्याविषयी पोटभर ऐकले आहे. परतीच्या बसमध्ये पाळण्यांविषयी कोणी बोलले नाही, घसरगुंड्यांविषयी नाही. (पाण्याच्या बाटलीच्या किमतीविषयी बोलणे झाले, ते योग्यच झाले.) सारे बोलणे चालले होते ते त्या अस्वलाविषयी. कोणी म्हणाले, अस्वल एक शब्द बोलले नाही. कोणी म्हणाले, मुलाने हात धरला तो त्याने झटकला. फोटोला उभे राहिले आणि आपली पाळी आली तोच पाठ फिरवून चालते झाले. अंगाला कुबट वास येत होता. डोळे कसे बटबटीत, पापणी म्हणून हालत नाही, पाहूनच पोर घाबरले.

आणि आपल्या एका काकूंचा चार वर्षांचा नातू. त्याने आदल्या रात्री बसून अस्वलासाठी चित्र काढले होते, मधाचे पोळे आणि भोवती माश्या. घडी मोडू नये म्हणून सबंध प्रवासात ते वहीत धरून बसला होता. उन्हात रांगेत उभा राहिला. अस्वल त्याच्यासमोरून गेले ते थेट पुढे गेले. त्याने हात वर केलेला तसाच राहिला. ते पोर गावात शिरेपर्यंत मुसमुसत होते आणि शेवटी आजीच्या मांडीवर झोपले. मी मागच्या बाकावर होते, मला सगळे दिसत होते. त्या मुलाचे दुःख खोटे नव्हते. मोठ्या माणसाला ते एवढेसे वाटते, पण चार वर्षांच्या जीवाला त्या दिवशी दुसरे कामच काय होते?

निघताना दोघीतिघींनी फाटकापाशी जाऊन तक्रारवहीत लिहिले. त्या तीन ओळींवरून त्या अस्वलाच्या आतल्या मुलाची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली गेली. हे मला कसे कळले, ते विचारू नका.

आता मुद्द्याचे सांगते. माझा धाकटा मुलगा गेली दोन वर्षे एका पार्कमध्ये पोशाख घालून उभा राहतो. कोणत्या पार्कमध्ये आणि कोणत्या जनावराच्या पोशाखात, हे बाहेर सांगायचे नाही अशी तेथे ताकीद असते, आणि ती मी पाळणार आहे. सहलीच्या दिवशी त्या अस्वलात कोण होते तेही मी सांगणार नाही. लग्नाकार्यात बायका विचारतात, "धाकटा काय करतो हो?" मी म्हणते, पार्कमध्ये असतो. त्यांना वाटते तिकिटे फाडतो. वाटू द्यावे. पण अस्वलाची निंदा ऐकत बसमध्ये तीन तास बसले, त्यातून हे भाषण झाले आहे.

तो पोशाख आतून कसा असतो, ते मला मुलाने इतक्या वेळा सांगितले आहे की मीच तो घालून आल्यासारखे वाटते. डोके वेगळे असते. आत स्पंज, वर केसाळ कापड. त्याचा भार खांद्यावर आणि मानेवर येतो. बाहेरून आपण ज्या डोळ्यांकडे पाहतो त्यातून आतल्या माणसाला काहीच दिसत नाही. तो पाहतो अस्वलाच्या उघड्या तोंडातून, आणि तेथेही काळी जाळी लावलेली. समोरचे तेवढे दिसते. बाजूचे नाही, मागचे नाही, आणि कमरेखालचे तर मुळीच नाही. म्हणजे ज्याच्यासाठी हा सारा थाट, ते लहान मूलच त्याला दिसत नाही! ऐकू येतो तो स्वतःचा श्वास. हातमोज्यांना जाड जाड चार बोटे, त्यांत कागद धरता येत नाही, धरला तरी धरल्याचे कळत नाही. पायांत सुपाएवढे बूट. माझा मुलगा म्हणतो, "आई, मला ऊन, घाम, कशाची भीती वाटत नाही. एखाद्या तान्ह्या पोराच्या पायावर माझा पाय पडेल, एवढीच वाटते." हात ओढला की तोल जातो, म्हणून तो हात सोडवून घेतो. बाहेरून ते झटकल्यासारखे दिसते.

मोठी मुले शेपूट ओढतात. पोटात गुद्दे मारतात. स्पंज आहे, त्याला काय लागते, असे त्यांचे आईवडीलही म्हणतात. स्पंज आहे, पण गुद्दाही काही कापसाचा नसतो. एकदा पाठीवर काळानिळा वळ घेऊन आला. मी हळद लावली.

प्रत्येक पोशाखाबरोबर एक सोबती असतो. साध्या कपड्यांतला, गळ्यात ओळखपत्र अडकविलेला. आपल्याला वाटते तो गर्दी आवरायला आहे. तो आतल्या माणसाचे डोळे आहे. वीस मिनिटे झाली की तो खांद्यावर दोनदा थोपटतो, म्हणजे आता आत चला. मग समोर कलेक्टरचा मुलगा असो की तुमचाआमचा, थांबता येत नाही. पाठ फिरवून चालते झाले, ते यामुळे.

वीसच मिनिटे का, असे एका वहिनींनी मला विचारले होते. त्यांना मी माठाचे उदाहरण दिले. माठातले पाणी गार का होते? माठ पाझरतो, बाहेरचे पाणी वाऱ्याने उडून जाते, आणि जाताना उष्णता घेऊन जाते. आपला घाम तेच काम करतो. आता त्याच माठाला रबरी कापड घट्ट गुंडाळा. पाणी कोमटच राहील. पोशाखात घाम येतो, पण उडून जायला वाराच नाही. अंग तापत जाते, डोके हलके होते, डोळ्यांपुढे अंधेरी येते. जपानात ओसाकाजवळ हिराकाटा पार्क आहे. तेथे २०१९ च्या जुलैमध्ये अठ्ठावीस वर्षांचा एक मुलगा असाच पोशाख घालून नाचाची तालीम करीत होता. पोशाखाचे वजन सुमारे १६ किलो. दुपारसुद्धा नव्हती, संध्याकाळ झाली होती. तो उष्माघाताने गेला. ही बातमी मुलाने मला वाचून दाखविली नाही, मोठ्या सुनेने दाखविली. त्यानंतर तो घरी येईपर्यंत माझे लक्ष घड्याळाकडे असते. डब्याबरोबर मीठसाखरेच्या पाण्याची बाटली देते, कोकमे असली तर त्यांचे सरबत.

धुण्याविषयी मात्र मला अधिकाराने बोलता येईल. आतून घालायचे बनियन, लेंगा आणि डोक्याला बांधायचा रुमाल हे त्याचे स्वतःचे असते. ते घरी येते तेव्हा वाळलेल्या घामाने त्यावर मिठाचे पांढरे पट्टे उठलेले असतात, जणू खाजणातून आणले. धुण्याच्या सोड्यात रात्रभर भिजवते. पण वरचा पोशाख रोज धुवायचा नसतो. तो उन्हात टाकतात, काही फवारतात, आणि दुसऱ्या पाळीला दुसरा मुलगा त्यातच शिरतो. कुबट वास आला म्हणून ज्यांनी नाक मुरडले, त्यांचे खोटे नव्हते. वास होताच. आपल्याला तो घटकाभर आला.

आता तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडचे. मोठमोठ्या देशांत कसे नीटनेटके असेल! मलाही तसेच वाटत होते. फ्लॉरिडातले वॉल्ट डिस्ने वर्ल्ड तर जगप्रसिद्ध. तेथे मिकी, गूफी होणाऱ्या कामगारांना आतून घालायचे कपडेसुद्धा कंपनीचेच मिळत. संध्याकाळी काढून द्यायचे, धुऊन सकाळी परत मिळायचे, पण ज्याचे त्याला मिळतील असे नाही. आज तुम्ही, उद्या मी. धुणेही धड होत नाही आणि त्वचेचे रोग होतात, अशी त्यांची ओरड होती. अखेर २००१ साली त्यांच्या कामगार संघटनेने करारात मान्य करून घेतले की आतले कपडे ज्याचे त्याला स्वतंत्र मिळावेत आणि घरी नेऊन धुता यावेत. भगिनींनो, आपल्या घरात मुलगा भावाचा बनियन घालील का? आणि एवढ्यासाठी त्या श्रीमंत देशात संघटनेला करार करावा लागला.

हा सोंगे उभी करण्याचा प्रकार सुरू कसा झाला, तेही ऐकण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. तेव्हा मिकी-मिनीचे पोशाख त्यांच्यापाशी स्वतःचे नव्हते. बर्फावर घसरत नाचण्याचे खेळ करणारी 'आइस कपेड्स' म्हणून मंडळी होती, त्यांचे पोशाख उसने आणले. ते पोशाख दूर बसलेल्या प्रेक्षकांसाठी शिवलेले. ते घालून मिकी मुलांच्या नाकासमोर येऊन उभा राहिला. त्या दिवसांची छायाचित्रे मुलाने मला मोबाईलवर दाखविली. तो मिकी पाहून रात्री मलाच दिवा मालवायला नको वाटले. नंतर त्यांनी पोशाख पुष्कळ सुधारले. पण मूळची अडचण राहिली ती राहिलीच. चित्रपटातला उंदीर बोलतो, तो एका विशिष्ट आवाजात. पार्कमध्ये त्या पोशाखात आज एक, उद्या दुसरा. सगळ्यांना तो आवाज कसा काढता येईल? म्हणून ज्याचे तोंड झाकलेले आहे त्याने बोलायचे नाही, असा नियम झाला. राजकन्या होतात त्या मुली आपल्या स्वतःच्या चेहऱ्याने उभ्या राहतात, त्या बोलतात. आपल्याकडच्या पार्कांनी हीच रीत उचलली. तेव्हा अस्वल बोलले नाही यात त्याचा उर्मटपणा नाही. बोलले असते तर नोकरीच गेली असती.

आता मी जे सांगणार आहे ते नुसते अस्वलाची बाजू घेऊन चालणार नाही असे आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात लँगहॉर्न गावी 'सेसमी प्लेस' नावाचा लहान मुलांचा पार्क आहे. तिकडच्या 'सेसमी स्ट्रीट' या जुन्या मुलांच्या कार्यक्रमातली पात्रे तेथे असतात. आपल्याकडे २००६ साली 'गली गली सिम सिम' आले ते त्याचेच भावंड. त्या पात्रांत निळ्याहिरव्या लोकरीची रोझिटा आहे. २०२२ च्या जुलैमध्ये तेथल्या मिरवणुकीत ही रोझिटा बाजूच्या लोकांना टाळ्या देत येत होती. पुढे दोन लहानग्या काळ्या मुली हात पसरून उभ्या होत्या. त्यांच्यापाशी येताच तिने "नाही, नाही" अशी खूण केली आणि ती पुढे गेली. मुलींच्या घरच्यांनी ते टिपले होते. ते चित्रण लाखो लोकांनी पाहिले आणि देशभर हलकल्लोळ झाला.

पार्कने आधी सांगितले की ती खूण मुलींना उद्देशून नव्हती. गर्दीतून कोणी तरी आपले मूल उचलून घे म्हणत होते, तशी परवानगी नसते, त्याला ते उत्तर होते. आणि पोशाखातून खालचे नीट दिसत नाही. या उत्तराने लोक अधिकच चिडले. मग पार्कने निराळी माफी मागितली आणि नोकरांना भेदभाव टाळण्याचे शिक्षण देण्याचे जाहीर केले. दुसऱ्या एका काळ्या कुटुंबाने, आमच्या मुलीलाही असेच डावलले, म्हणून दावा लावला. २०२४ साली फिलाडेल्फियात ज्यूरीने निकाल पार्कच्या बाजूने दिला.

मुलाने हे चित्रण पाहिले आणि म्हणाला, "खालचे दिसत नाही, हे खरे आहे, आई." मी म्हटले, असेल. पण त्यांतल्या एका मुलीच्या आईला पहिल्याच क्षणी जे वाटले, ते उगाच का वाटले? आपल्याकडे पंगतीत वाढपी एखाद्या पानापुढून न वाढता निघून गेला, तर कोणी हसून हाक मारतो, "अहो, इकडे राहिले!" आणि कोणी मान खाली घालतो, कारण त्याच्या बापजाद्यांना पूर्वी असेच वगळलेले असते. वाढप्याचे लक्ष नव्हते, हे दोघांच्याही बाबतीत खरे असेल. म्हणून दोघांना सारखेच लागले असे होत नाही. त्या आईला "दिसले नसेल" एवढे सांगून मोकळे होणे मला पटत नाही. आणि आतल्या माणसाचे तोंड पाहिल्यावाचून त्याच्या मनात विष होते असे ठरविणे, तेही पटत नाही. माझा मुलगा आणि मी यावर दोन दिवस वाद घालीत होतो. अजून मिटलेला नाही.

माझे माहेर रत्नागिरीकडचे. लहानपणी शिमग्यात आमच्या दारात संकासुर येई. काळा पोशाख, उंच टोपी, कमरेला घुंगरे. तो दिसला की आम्ही माडीवर पळायचो आणि गजांतून बघायचो. भीती तर वाटायचीच, पण आत कोण आहे ते साऱ्या गावाला ठाऊक. नाच आटोपला की आजी ओसरीवरून हाक मारायची, "अरे, पाणी पिऊन जा, घसा सुकला असेल." तो टोपी काढून गटागटा तांब्या रिकामा करायचा आणि आम्ही माडीवरून खाली येऊन त्याच्याभोवती उभे राहायचो. बहुरूप्याचेही तसेच. फौजदार होऊन यायचा, वॉरंट आहे म्हणून दरडवायचा, पोरे रडकुंडीला यायची, मग स्वतःच हसून सुपातले दाणे घेऊन जायचा. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात देवांचे आणि दैत्यांचे केवढाले मुखवटे घालून नाचतात. सोंग हे सोंग आहे हे सगळ्यांना माहीत असते, म्हणून कोणाची मजा कमी होत नाही.

पार्कमध्ये हेच उलटे केले आहे. मुलाला सांगायचे, हा खराखुरा तोच, टीव्हीतला, तुझा मित्र. टीव्हीत वीतभर दिसणारा तो मित्र एकदम दाराएवढा होऊन पुढ्यात येतो. चेहरा हसरा, पण रंगविलेला. मूल रडले तरी तो हसतोच आहे! रडणाऱ्या पोराला आपण पुढे ढकलतो, "जा, हात मिळव, फोटो काढायचा आहे." आणि आत कोण आहे हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे त्याला पाणी हवे का, असे विचारायचे कोणाच्या मनात येत नाही. २०१९ साली फ्लॉरिडात एका आजीबाईंनी कौतुकाने मिकीच्या डोक्यावर चारपाच थापा मारल्या. डोके खाली सरकले आणि आतल्या बाईची मान दुखावून तिला इस्पितळात न्यावे लागले. हो, आत बाई होती. कोणाची तरी लेक किंवा सून. तिकडच्याच वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये २००४ च्या फेब्रुवारीत प्लूटो कुत्र्याच्या पोशाखातला एक कामगार, मिरवणुकीच्या मागच्या अंगाला, सजविलेल्या गाडीखाली सापडून मेला. अडतीस वर्षांचा होता.

आपण तिकिटाला पैसे मोजतो, मग मुलाला अस्वल नीट भेटलेच पाहिजे, असे आपल्या एका ताई त्या दिवशी म्हणाल्या. बरोबर आहे. मीही पैसे मोजले होते. पण जाहिरातीत काय दाखविले होते ते आठवा. एक अस्वल, एक मूल, दोघे हिरवळीवर, अस्वल त्याला मिठी मारते आहे. आणि प्रत्यक्षात सुट्टीच्या दिवशी हजारभर मुलांमागे दोन अस्वले, तीही आळीपाळीने. ही जाहिरात अस्वलाने केली नव्हती. तक्रार लिहायचीच तर ती ज्याने केली त्याची लिहावी. आणखी दोन पोशाख आणा, आणखी चार मुले कामाला ठेवा, उन्हाळ्यात सावलीत उभे करा, भेटीची वेळ फळ्यावर लिहा, असे लिहावे. "अस्वल उर्मट आहे" असे लिहिले की मालकाचे काम सोपे होते. त्याला चार माणसे वाढवावी लागत नाहीत, एकाची मजुरी कापली की झाले.

कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये पात्रे होणाऱ्या आणि मिरवणुकीत नाचणाऱ्या कामगारांनी २०२४ च्या मे महिन्यात मतदान केले. संघटनेत जावे म्हणणारे ९५३, नको म्हणणारे २५८. इतकी वर्षे तेथली बाकीची बहुतेक माणसे संघटनेत होती, आणि ज्यांना पाहायला लोक येतात तेच बाहेर राहिले होते. स्वच्छ पोशाख आणि दुखापती हे त्यांचेही गाऱ्हाणे. आमच्याकडे मुलगा नुसता हसला. म्हणाला, आमच्यापैकी निम्मे फक्त सुट्टीच्या हंगामापुरते, संघटना कोण करणार?

त्या चित्राचे सांगायचे राहिले. सहलीनंतर आठवड्याने मी काकूंकडे गेले आणि मधाच्या पोळ्याचे ते चित्र मागून घेतले. काकूंना नवल वाटले, पण दिले. नातवाला मी एवढेच सांगितले की अस्वलाला त्या दिवशी चष्मा नव्हता, चित्र मी पोचवते. ते पोचले. पोशाख बदलण्याच्या खोलीत, जेथे ती डोकी ओळीने मांडून ठेवतात, तेथे कपाटाच्या दारावर लावले आहे असे मला कळले. माश्या मोजल्या तर सतरा आहेत म्हणे.

त्यावर एका मैत्रिणीने मला विचारले, "मग मुलांना सांगूनच टाकायचे का, आत माणूस असतो म्हणून? सगळी गंमत जाईल." मला वाटते, तीनचार वर्षांच्या मुलाला सांगण्याची घाई नको. त्याला लांबूनच हात करू द्यावा. आवडले तर ते आपण होऊन पुढे जाईल, नाही तर नाही. फोटो राहिला म्हणून काही अडत नाही. पण सहासात वर्षांचे मूल आपण होऊन विचारते, "आत कोण आहे?" त्याला "कोणी नाही, खरेच अस्वल आहे" असे दटावू नये. "एक दादा आहे, त्याला उकडते आहे" म्हटले तर मूल काही रडत नाही. माझ्या मोठ्या मुलाच्या मुलीला सांगितले, तर तिने लगेच विचारले, "मग त्याला शू आली तर?" प्रश्न चांगला आहे. तिच्या काकाने तिला उत्तर दिले, ते येथे वाचत नाही.

पुढची सहल डिसेंबरात आहे. थंडी असल्यामुळे आतल्यांनाही बरे. चिटणीसबाईंकडे नावे द्या, पैसे पंधरा तारखेपर्यंत. मी मुलाला विचारले होते, आमच्या बायकांना काय सांगू? तो म्हणाला, समोरून यायला सांग, मागून येऊ नका. लहान मूल असेल तर कडेवर उचलून आमच्या तोंडासमोर धरा, म्हणजे दिसते. द्यायचे असेल ते बरोबरच्या सोबत्याकडे द्या, आम्हाला पोचते. आणि सोबत्याने खांद्यावर थोपटले की जाऊ द्या.